मालक रात्री कुठे झोपतो?

पत्र :

ताई, सासू-सासऱ्यांच्या लग्नाला या डिसेंबरात ५० वर्षं होतात. हॉल, बुफे, शाल-श्रीफळ यातलं काही नको म्हणाले दोघं. समुद्रावर नेऊन आणा, एवढंच मागणं. आम्ही दहा माणसं : ते दोघं, आम्ही चौघं, दीर-जाऊ आणि त्यांची दोन मुलं. दापोली तालुक्यात अगदी किनाऱ्याला लागून असलेलं सात खोल्यांचं एक बुटीक हॉटेल मी शोधलंय. जुनं चिऱ्याचं घर, मागे नारळी-पोफळीची वाडी, पुढचं फाटक उघडलं की वाळू. चार खोल्या, तीन रात्री असा बेत. एका खोलीला रात्रीचे ६,५०० रुपये, नाश्ता धरून. दिरांच्या मते हा वेडेपणा आहे. त्यांनी त्याच भागातलं साठेक खोल्यांचं रिसॉर्ट काढलंय. ५,२०० रुपये, स्विमिंग पूल, लिफ्ट, बुफे. समुद्र रस्ता ओलांडून पाच मिनिटांवर. सासऱ्यांचा एक गुडघा बदललाय, सासूबाईंना शुगर आहे. मी हट्टाने छोटं हॉटेल घेतलं आणि काही बिनसलं, तर जन्मभर मला बोल लागेल. घेऊ की नको?

– थोरली सून, कोथरूड

ता. क. सासूबाई विचारताहेत, तिथे पहाटे पाचला चहा मिळेल का?

*

थोरल्या सूनबाई,

तुमचं मूळ पत्र चार पानी होतं. इथे जागेपायी कापलंय. कापता कापता मोजलं, तर ‘समुद्र’ तीनदा आला होता आणि ‘मला बोल लागेल’ सहा वेळा. म्हणजे हॉटेलाचं बोलायचंच आहे, पण या सहा वेळांकडेही यावं लागणार.

उत्तर आधीच देऊन टाकते, नाहीतर तुम्ही थेट शेवटच्या परिच्छेदावर उडी माराल. छोटं हॉटेल घ्या. मात्र आज पैसे भरू नका. आधी फोन करा आणि जो कोणी मालक म्हणून बोलेल त्याला विचारा : “रात्री तुम्ही कुठे झोपता?”

हसू नका. माझं माहेर गुहागरकडचं. राहत्या घरांची हॉटेलं होताना मी डोळ्यांसमोर पाहिलीत, काहींत पाहुणी म्हणून राहिलेय, एक-दोघांशी भांडलेयसुद्धा. मोठ्या रिसॉर्टात नळ गळला तर प्लंबर असतो, लाइट गेली तर जनरेटरवाला, जेवण बिघडलं तर मॅनेजर. सात खोल्यांच्या जागेत प्लंबर, जनरेटरवाला, मॅनेजर, आचारी आणि बरेचदा ड्रायव्हरही एकच माणूस असतो, फार तर तो आणि त्याची बायको. ती दोघं जागेवर असतील तर साठ खोल्यांच्या जागेत मिळणार नाही ते तिथे मिळतं. नसतील तर धर्मशाळा बरी.

दोन्ही बाजू मी आईला बरोबर घेऊन भोगल्यात.

पहिली जागा दक्षिणेकडची, मालवणच्या बाजूची. पाच खोल्या, एप्रिलची अखेर, आई तेव्हा ७८ची. फोटोत दिसलेलं सगळं खरं निघालं. झोपाळा होता, निळी दारं होती, अंगणात शंखांची माळ होती. मालक तेवढा मुंबईला होता. जागेवर वीस-बावीस वर्षांचा एक मुलगा, लांबून आलेला, नोकरीला लागून महिना झालेला. उन्हाळा सरत आला की किनाऱ्यालगतच्या विहिरींचं पाणी मचूळ होतं. तिथल्या घरांतून म्हणूनच वापरायचं पाणी वेगळं आणि प्यायचं, चहाचं वेगळं ठेवतात. हे त्या पोराला कुणी सांगितलंच नव्हतं. सकाळी आईने चहाचा एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि विचारलं, “मीठ घातलंस का रे?” पोरगा बिचारा प्रामाणिक. आत गेला आणि साखर वाढवून दुसरा कप घेऊन आला. रात्री लाइट गेली. इन्व्हर्टर होता, पण बॅटरीत कुणी कधी पाणी घातलं नव्हतं, दहा मिनिटांत पंखा थांबला. मालकाला फोन लावला तर तो मुंबईहून म्हणाला, “येईल आत्ता.” आली सकाळी सातला. आईने ती रात्र वर्तमानपत्राने वारा घेत काढली.

दुसरी जागा माझ्याच तालुक्यातली, सहा खोल्यांची. नवरा-बायको मागच्या पडवीत राहायचे. टॉवेल इतके विरलेले की अंग पुसताना आरपार दिसायचं. पहिल्या दिवशी गिझर चाललाच नाही, बंबातलं पाणी बादलीने खोलीपर्यंत आणून दिलं. मनातल्या मनात मी तक्रारीची यादी करत होते. त्याच रात्री दीडच्या सुमाराला आईला उलट्या सुरू झाल्या. मी कडी काढली, त्या आवाजानेच बाई उठल्या. काही न विचारता दिवा लावला, नवऱ्याला हलवलं. तो गाडी काढून गावातल्या डॉक्टरांना घेऊन आला. डॉक्टर गेल्यावर बाईंनी उकड्या तांदळाची पेज टाकली, वर मिठाचा खडा, आणि आई ती पिईपर्यंत पलंगापाशी बसून राहिल्या. निघताना बिल पाहिलं. त्यात पेज नव्हती, गाडीही नव्हती. गिझर नीट न चालल्याचे शंभर रुपये मात्र वळते केलेले होते!

फोटो दोन्ही जागांचे सारखेच देखणे. म्हणून तो प्रश्न. “मी पुण्यात असतो, पण माझी माणसं चोवीस तास असतात” असं उत्तर आलं तर दिरांचं रिसॉर्ट घ्या, माझा काही आग्रह नाही. “मागेच राहतो, का हो?” असं आलं तर पुढचं वाचा.

आता ‘किनाऱ्याला लागून’ म्हणजे काय, ते नीट विचारून घ्या. या धंद्यात शब्द जपून वापरतात. ‘सी व्ह्यू’ म्हणजे गच्चीच्या एका कोपऱ्यातून, दोन माडांच्या मधून, मान वाकडी केल्यावर दिसणारी निळी रेघ. ‘सी फेसिंग’ म्हणजे इमारतीचं तोंड समुद्राकडे आहे, मधे रस्ता आणि दुसऱ्याची वाडी असली तरी. फाटकाबाहेर वाळू हवी असेल तर लोक ‘बीच टच’ म्हणतात. खरं ‘बीच टच’ नव्याने बांधणं सोपं नाही. किनारा नियमनाच्या, म्हणजे सीआरझेडच्या २०११च्या अधिसूचनेनुसार गावांकडच्या मोकळ्या किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवं बांधकाम सहसा चालत नव्हतं. २०१९च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या गावांना ते अंतर ५० मीटरवर आणून दिलं, बाकीच्यांना २०० कायम राहिलं. त्यामुळे वाळूला टेकलेली कोरी करकरीत दुमजली इमारत दिसली की माझ्या मनात आधी पाल चुकचुकते. तुमचं जुनं चिऱ्याचं घर आहे, हे चांगलं लक्षण. तरी घर कधीचं आणि पर्यटन खात्याकडे न्याहारी-निवास योजनेत किंवा इतर नोंद आहे का, हे विचारायला लाजू नका. ज्याचं सरळ आहे तो आनंदाने सांगतो, आजोबांनी कधी बांधलं तेही सांगतो, थांबवावं लागतं.

फोटो कधीचे, हेही विचारा. खारा वारा लोखंड खातो. खिडकीच्या बिजागऱ्या, एसीचा बाहेरचा डबा, नळ, शॉवरची जाळी, काही सोडत नाही. किनाऱ्यावरच्या हॉटेलाचे तीन वर्षांपूर्वीचे फोटो म्हणजे मुलाच्या मुंजीतले फोटो लग्नाच्या स्थळासाठी पाठवल्यासारखं. दापोली-मंडणगडकडे आणखी एक हिशेब असतो. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा तिथल्या वाड्यांतले माड-पोफळी आडवे झाले, घरांवरची कौलं-पत्रे उडाले, कित्येक गावांत वीज परतायला आठवडे लागले. त्याआधीचे फोटो असतील तर मागची ती गर्द वाडी आज तशीच असेल असं धरून चालू नका.

तारखांकडे येते, कारण माझ्या मते निम्मा निकाल तिथेच लागतो.

लग्नाचा दिवस नेमका कधी, ते तुम्ही लिहिलेलं नाही. पण २४ डिसेंबर ते १ जानेवारी हा आठवडा कृपा करून टाळा. त्या दिवसांत दापोलीच्या किनाऱ्यांवर पुण्या-मुंबईच्या गाड्या वाळूत उतरलेल्या असतात, त्यातली एखादी भरतीत रुतते आणि ती बाहेर काढणं हाच संध्याकाळचा कार्यक्रम होतो. शेजारच्या वाडीत स्पीकर लागला तर तुमचा सज्जन मालक काही करू शकत नाही. शिवाय दर. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला २२ सप्टेंबर २०२५पासून जीएसटी ५ टक्के आहे, त्याच्या वर १८. म्हणजे ६,५००च्या खोलीला कर ३२५ रुपये. नाताळात तीच खोली ८,०००ला गेली की कर १,४४०! दीड हजार दरवाढीचे आणि वर हजारभर कराचे, तेही गर्दी सोसण्यासाठी.

डिसेंबराचा पहिला पंधरवडा बरा, असं म्हणणार होते, पण तिथे मार्गशीर्ष आडवा येऊ शकतो. तुमच्याकडे मार्गशीर्ष पाळतात का? निदान सासूबाई गुरुवार करत असतील. दहा माणसं दापोलीला जायची, हर्णै बंदरातला मासळीचा लिलाव बघायचा, सुरमई समोर चमकताना पाहायची आणि संध्याकाळी बटाट्याची भाजी खायची, यात तुमच्या दिरांना मोठाच मुद्दा सापडेल. तेव्हा कालनिर्णय काढा.

ते काढलंच आहे तर तिथीही बघा. ही गोष्ट रिसॉर्टवाला सांगणार नाही, मालक सांगेल. पूर्ण भरतीची वेळ काढायचा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे : तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. पहाटे सहाला आणि संध्याकाळी सहाला भरती. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, सव्वाअकरा. म्हणजे दुपारी आणि रात्री त्या सुमाराला पाणी वर, आणि संध्याकाळी साडेपाचच्या आसपास पूर्ण ओहोटी. थोडं मागेपुढे धरा, पण चुकत फारसं नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी वर जास्त चढतं आणि मागेही लांब सरतं, अष्टमीच्या भांगाला, म्हणजे छोट्या भरती-ओहोटीला, दोन्ही कमी.

याचा सासऱ्यांच्या गुडघ्याशी थेट संबंध आहे. कोरड्या भुसभुशीत वाळूत पाय रुततो, वळतो, आणि बदललेल्या गुडघ्याला तेच नको असतं. ओहोटीनंतरची ओली वाळू घट्ट असते, आमच्याकडे पोरं तिच्यावर सायकली हाणतात. तुम्ही पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या आगेमागे गेलात, तर संध्याकाळी ऊन कलल्यावर लांबच लांब घट्ट वाळू मोकळी असेल. मधला कोरडा पट्टा तेवढा मुलाचा हात धरून पार करायचा. अष्टमीला गेलात तर नेमकं त्याच वेळी पाणी वर असेल आणि चालायला उरेल ती सगळी भुसभुशीत. रिसॉर्टातून निघालात तर हाच कोरडा पट्टा आणि वर रस्ता ओलांडून पाच मिनिटं. “लिफ्ट आहे” या दिरांच्या मुद्द्याला हे उत्तर आहे : लिफ्ट खोलीपर्यंत नेते, समुद्रापर्यंत नेत नाही. छोट्या हॉटेलात फाटकाशी खुर्ची टाकून दिली, तर सासरे एक पाऊल न टाकताही समुद्रावर असतील.

खुर्ची प्लास्टिकची नको, हात असलेली लाकडी. वाळूत प्लास्टिकच्या खुर्चीचा एक पाय आत जातो आणि माणूस कलंडतो.

गुडघ्याचा खरा घात मात्र घरात होतो. जुन्या कोकणी घराचं जोतं उंच असतं. अंगणातून ओसरीवर चढायला तीन-चार चिऱ्यांच्या पायऱ्या, प्रत्येकीची उंची वेगळी, धरायला काही नाही. ‘बुटीक’ करताना लोक दारं रंगवतात, पितळी दिवे टांगतात, पण पायरीला कठडा लावायचं कुणाच्या मनात येत नाही, फोटोत वाईट दिसतो म्हणून. वरच्या खोल्यांना लाकडी जिना असेल तर तो उभाच असणार. मालकाला म्हणा, फाटकापासून तळमजल्यावरच्या खोलीच्या पलंगापर्यंत आणि तिथून संडासापर्यंत चालत चालत मोबाइलवर व्हिडिओ काढून पाठवा. दीड मिनिटाचं काम. कमोड आहे का, बाथरूमची फरशी गुळगुळीत आहे का, न्हाणीत उतरायला पायरी आहे का, सगळं दिसेल. भिंतीला धरायचा दांडा नसेल तर बसवून देता का, असंही विचारा. सात खोल्यांच्या मालकाला चार खोल्यांचं तीन रात्रींचं गिऱ्हाईक जात असेल तर तो सुताराला दुसऱ्या दिवशीच बोलावतो. रिसॉर्टात हीच विनंती ‘नोंदवून घेतली’ जाते.

आणि तुम्ही दहा जण आहात, चार खोल्या घेणार. सातातल्या चार. म्हणजे निम्म्याहून जास्त हॉटेल तुम्हीच. उरलेल्या तीन खोल्यांत कोण असेल यावर पुष्कळ अवलंबून आहे. तिथे एखादं नवं जोडपं असेल तर त्यांची मला काळजी वाटते. कॉलेजातल्या मित्रांची टोळी असेल तर तुमची. फोनवर हेही विचारा.

जेवणाचं थोडक्यात. छोट्या जागेत मेनूकार्ड नसतं, सकाळी सांगायचं आणि दुपारी मिळायचं. त्या भागातली कितीतरी घरं पूर्ण शाकाहारी आहेत, उकडीचे मोदक आणि डाळिंब्यांची उसळ अशी करतील की बोटं चाटाल, पण मासे विचारलेत तर खाणावळीचा पत्ता देतील. तुम्हाला काय हवंय ते आधी बघा. मासळीचा भाव त्या दिवशीच्या बाजाराप्रमाणे लावतात, तेव्हा थाळी किती रुपयांना आणि सुरमईचा तुकडा वेगळा धरणार का, हे पानावर बसण्याआधी ठरवा, हात धुताना नाही. सासूबाईंच्या शुगरसाठी मात्र छोटी जागाच बरी. साडेबाराला म्हणजे साडेबाराला जेवायचं, भाकरी हवी, भात कमी, असं एकदा सांगितलं की तीन दिवस चालतं. बुफेत पदार्थ चाळीस असतात, आणि गोडाच्या टेबलापाशी तुमच्या सासूबाईंना कोण अडवणार? तुम्ही? परत बोल तुम्हालाच.

तुमचे दीर चुकीचे नाहीत, हेही सांगते. लाइट गेली तर रिसॉर्टचा जनरेटर एसीसकट चालतो, छोट्या जागेचा इन्व्हर्टर दिवे-पंख्यांपुरता. डिसेंबरात एसी लागत नाही म्हणून निभावतं, मे महिन्याचं विचारलं असतंत तर मीही दोनदा विचार केला असता. मोठी मुलं असतील तर तिसऱ्या दिवशी कंटाळतील, पूल नाही, वायफाय माडाच्या झावळीवर अवलंबून. टेम्पो ट्रॅव्हलर नेणार असाल तर ड्रायव्हरच्या झोपायची सोय रिसॉर्टात असते. छोट्या ठिकाणी ती आठवण कुणालाच राहत नाही आणि तो बिचारा गाडीत डास मारत बसतो. आधीच विचारा, दोनशे-चारशे जास्त द्या. पैसे परत मिळण्याचंही तसंच. रिसॉर्टचे नियम छापलेले असतात. इथे तुम्ही कुणाच्या तरी मोबाइलवर ॲडव्हान्स टाकणार आणि ऐनवेळी सासऱ्यांना बरं नसलं तर त्याच्या मर्जीवर राहणार. म्हणून रक्कम, तारखा, चार खोल्या, त्यातल्या दोन तळमजल्यावर, रद्द केलं तर काय, हे सगळं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या आणि त्याचं “हो” आल्यावरच पैसे टाका. त्याआधी एकदा व्हिडिओ कॉलवर घर बघा. दुसऱ्याच्या घराचे फोटो लावून ॲडव्हान्स गोळा करणारेही आहेत.

आणि एक तोटा कुणी सांगत नाही. दहा माणसांच्या मराठी कुटुंबात तीन दिवसांत एक तरी रुसवाफुगवा होतोच. साठ खोल्यांच्या रिसॉर्टात रुसायला जागा असते, माणूस पूलपाशी जाऊन बसतो. सात खोल्यांच्या घरात ओसरीवरचं सगळं स्वयंपाकघरात ऐकू जातं आणि मालकीणबाई अशा नजरेने चहा आणून ठेवतात की रागावणंसुद्धा अवघड होतं. माझ्या जावेने एकदा केवळ त्या नजरेपायी अबोला सोडलाय, त्यामुळे याला तोटा म्हणावं की नाही, माझंच ठरलेलं नाही.

पैशांचं एकदाच सांगा आणि सोडून द्या. चार खोल्या, तीन रात्री, बारा खोल्या-रात्री. ७८,००० विरुद्ध ६२,४००, फरक १५,६००. त्यातून बुफेत कोणतं जेवण धरलंय आणि कोणतं नाही, तेही पाहा. इकडे थाळ्यांचे पैसे वेगळे पडतील, म्हणजे फरक थोडा वाढेलच. “फारसा फरक नाही” असं दिरांना सांगू नका, ते कॅल्क्युलेटर काढतील. “पंधरा-वीस हजार जास्त जातील, आई-बाबांना फाटकात बसून समुद्र बघता यावा म्हणून” असं सरळ म्हणा.

आता ते सहा वेळा आलेलं वाक्य. तुम्ही हॉटेल एकटीने शोधलंत, एकटीने भाव काढलेत, आता एकटीने फोन करणार आणि मग सगळ्यांनी गोड मानून घ्यावं म्हणून तीन दिवस धावणार. हे करू नका. फोन दिरांना करू द्या. नंबर द्या, वरचे प्रश्न कागदावर लिहून द्या, आणि म्हणा, “भाऊजी, तुम्हाला यातलं जास्त कळतं, एकदा ठोकून-पारखून घ्या.” शंका काढणारा माणूस शंका काढण्याच्या कामाला लावला की खूश असतो, आणि या घराला खरोखर शंका काढणारा माणूस हवाच आहे. त्यांनी व्हिडिओ मागवला, दांडा बसवून घेतला, ड्रायव्हरची सोय केली, की ते हॉटेल त्यांचंही होतं. मग इन्व्हर्टर बंद पडला तर मालकाला हाक मारायला आधी तेच उठतील. आणि फोनवर त्यांना खरंच काही खटकलं तर ऐका. ते खटकणं तुमच्याविरुद्ध नाही.

नवऱ्यांचा उल्लेख चार पानांत एकदाच आलाय, तोही “हे म्हणतात तुम्ही ठरवा” असा. त्यांना गाडीत सामान चढवायच्या कामाला लावा.

फिरण्याचं फार ठरवू नका. हर्णैला संध्याकाळचा मासळीचा लिलाव आणि समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, हे सासऱ्यांना गाडीपासून फार लांब न जाता बघता येईल. आसूदच्या केशवराजाला मात्र पोरांना पाठवा, ओढा ओलांडून चढण आहे, गुडघ्याचं काम नाही. डॉल्फिन बघायच्या होडीत चढायला पाण्यात उतरावं लागतं, तेही वडीलधाऱ्यांना नको. आणि पोरांना बजावून ठेवा : ओहोटी लागली की गुडघ्याच्या वर पाण्यात जायचं नाही. सात खोल्यांच्या हॉटेलाला जीवरक्षक नसतो. मालक “आज नको” म्हणाला तर का म्हणून विचारू नका.

सासऱ्यांच्या गोळ्या दोन दिवसांच्या जास्तीच्या घ्या आणि त्यांच्या ऑपरेशनचे कागद मोबाइलमध्ये ठेवा. उपजिल्हा रुग्णालय दापोलीत आहे. हॉटेलपासून तिथे रात्री पोचायला किती वेळ लागतो, हाही प्रश्न कागदावर लिहा. रोख पैसे दापोलीतूनच काढून न्या, किनाऱ्यावर रेंज गेली की क्यूआर कोडचा नुसता चौकोन उरतो.

राहिला पहाटे पाचचा चहा. रिसॉर्टात खोलीत केटली असेल, दूध पावडरचं. छोट्या घरात मालकीणबाई पाचला उठलेल्याच असतील, पण त्यांना हाक मारायला सासूबाई पहिल्या दिवशी संकोचतील. आदल्या रात्री तुम्ही सांगून ठेवा, दुसऱ्या दिवशीपासून त्या आपणच आत जातील. फक्त बिनसाखरेचा, हे दोनदा सांगा. तिकडे पाहुण्याला फिका चहा देणं जिवावर येतं, “अर्धा चमचा घातलाय हो” म्हणून दोन चमचे घालतात.